शेजारच्या जीएम पिकाचा अंश सेंद्रिय शेतात आला, तर भुर्दंड कुणी भरायचा?

बांधकरी (धागाकर्ता):
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोय. जीएम (जनुकीय बदल केलेलं) पीक चांगलं की वाईट, खावं की खाऊ नये, यावर इथे आधी भरपूर हाणामारी झालेली आहे, ती परत नको. माझा मुद्दा वेगळा आहे. एकाने जीएम पेरलं, तो त्याचा निर्णय, मान्य. बांधापलीकडे दुसरा सेंद्रिय करतो आणि त्याच्या गिऱ्हाइकाला जीएमचा अंशही चालत नाही. आता वाऱ्याने म्हणा, मधमाश्यांनी म्हणा, नाहीतर मळणीयंत्रातून म्हणा, पलीकडचं बी किंवा परागकण सेंद्रियवाल्याकडे आले, माल तपासणीत अडकला आणि जादा भाव गेला. हे नुकसान सोसायचं कुणी?

आज जगात बहुतेक ठिकाणी ज्याने काहीच केलेलं नाही तोच सोसतो. अंतर सोडायचं त्याने, कडेच्या ओळी वेगळ्या काढायच्या त्याने, तपासणीचे पैसे त्याने भरायचे, आणि एवढं करून माल नापास झाला तर घाटाही त्याचाच. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या शेतातून निघालं त्याने, किंवा ज्या कंपनीने ते बियाणं विकून पैसे केले तिने भरून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं काय? आणि प्रत्यक्षात धोका कुठल्या पिकाला किती असतो हे कुणी शेतातलं किंवा लॅबमधलं माणूस सांगू शकलं तर फार बरं होईल, कारण याबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात.

काळीमाती:
+१
जनावर सुटून दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलं तर मालकाने भरून द्यायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. परागकणांच्या बाबतीतच सगळे एकदम "निसर्ग आहे हो" का म्हणायला लागतात कळत नाही.

उभाआडवा:
बांधकरी, मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका. मी सेंद्रियचा विरोधक नाही, पण हा हिशोब एकतर्फी मांडलाय तुम्ही.

खास माल पिकवणारा माणूस स्वतःचा माल स्वतः जपतो ही शेतीतली फार जुनी रीत आहे. बीजोत्पादन करणारे पिढ्यान्‌पिढ्या विलगीकरणाचं अंतर सोडत आलेत, शेजाऱ्याला कुणी दावा लावत नाही. स्वीटकॉर्नवाला साध्या मक्यापासून लांब पेरतो. कारखान्याच्या तेलासाठी जास्त इरुसिक आम्लाचं (खायला न चालणारं) रेपसीड, म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबी, घेणारे त्याच्याच खाद्यतेलाच्या जातीपासून, म्हणजे कॅनोलापासून, अंतर ठेवतात, करारातच तसं लिहिलेलं असतं, आणि त्याबदल्यात त्यांना जादा भाव मिळतो. सेंद्रियलाही जादा भाव मिळतो ना? मग तो जपायचा खर्चही त्यातूनच यायला नको का? "शून्य अंश" ही अट बाजाराने घातली, शेजाऱ्याने नाही घातली. उद्या मी म्हटलं की माझ्या गिऱ्हाइकाला शेजारच्या फुलाचा वासही नको, तर शेजाऱ्याने फुलं लावायची नाहीत का?

बांधकरी:
राग कसला, अशाच उत्तरासाठी धागा काढला. पण एक सांगा, तणनाशक वाऱ्याने उडून माझ्या भाजीवर आलं आणि भाजी जळली तर फवारणाऱ्याला जबाबदार धरतातच की. तिथे कुणी म्हणत नाही की तुझी भाजी नाजूक आहे, तूच आडोसा कर. मग उडून येणारी गोष्ट रसायन असली तर चूक फवारणाऱ्याची आणि परागकण असले तर जबाबदारी माझी, हे कुठलं शास्त्र?

तुराकणीस:
बांधकरींनी विचारलंय धोका किती, तर मक्याबद्दल लिहितो, बरीच वर्षं मक्याचं बी धरतोय.

मक्याचे परागकण बऱ्यापैकी जड असतात, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. एका तुऱ्यातून लाखोंनी पडतात पण बहुतेक सगळे पहिल्या वीसतीस मीटरमध्येच खाली बसतात, आणि उन्हाचा कडाका असेल तर तासा-दोन तासांत मरतात. त्यामुळे "मक्याचं परागण पाच कोसावरून येतं" वगैरे जे सांगतात त्यात अर्थ नाही. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. वारा बरोबर त्या दिशेने असला आणि तुमच्या कणसांचे केस नेमके तेव्हाच ताजे बाहेर आलेले असले तर दोनशे मीटरवरही थोडंफार बसतंच. कणसाचा प्रत्येक केस म्हणजे एक दाणा, ज्या केसावर ज्याचे परागकण पडले त्याचा तो दाणा.

डोळ्यांनी बघायचं असेल तर पांढऱ्या मक्याचं कणीस सोलून बघा. जवळपास पिवळा मका असेल तर पांढऱ्या दाण्यांच्या ओळीत मधेच दोन-चार फिकट पिवळे दाणे दिसतात, त्याच हंगामात, पुढच्या पेऱ्याची वाट बघायला नको. बांधाकडच्या पहिल्या ओळींत असे दाणे भरपूर, आत आत जावं तसे कमी, आणि मधल्या भागात कणसंच्या कणसं सोलली तरी एखादाच. आता पिवळा दाणा म्हणजे जीएम नव्हे, हे नीट लक्षात घ्या. पण बाहेरचे परागकण कुठपर्यंत पोचले याचा नकाशा तुम्हाला फुकटात मिळतो. पिवळ्यावर पिवळं असेल तर हे दिसणार नाही, तिथे टेस्टच.

म्हणून आम्ही बांधाकडच्या ओळींची काढणी वेगळी करतो आणि तो माल सेंद्रियमध्ये घालत नाही. आणि पेरणी तीन-चार आठवडे मागेपुढे केली तर तुरा आणि केसांची गाठच पडत नाही, पण त्यासाठी शेजारी कधी पेरणार हे माहीत पाहिजे. म्हणजे बोलणं पाहिजे.

रानपाखरू:
तुराकणीस दादा, छान समजावलंत. एक शंका. या वेगळ्या काढलेल्या ओळी म्हणजे दरवर्षीचं नुकसानच ना? छोटं रान असेल तर कडेच्या ओळीच अर्ध्या निघतील.

तुराकणीस:
हो ताई, तेच दुखणं आहे. रान लांबट आणि अरुंद असेल तर मधला भाग उरतच नाही. मोठ्या तुकड्याला हे सगळं परवडतं, लहानाला नाही. अंतर सोडण्याच्या नियमात हा फरक कुणी धरत नाही.

वकिली_झगा:
कायद्याचं थोडं लिहितो, कारण या विषयात एक केस सगळे सांगतात आणि बहुतेक वेळा अर्धीच सांगतात.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातले पर्सी श्माइझर. लोक सांगतात की वाऱ्याने जीएम कॅनोलाचं बी उडून आलं आणि ते बियाणं बनवणाऱ्या मोन्सँटो कंपनीने गरीब शेतकऱ्यावर केस ठोकली. कोर्टापुढे आलेली हकीकत अशी की १९९७ मध्ये त्यांनी विजेच्या खांबांजवळ तणनाशक मारलं, त्यातून जी झाडं जगली त्या भागातलं बी राखलं आणि १९९८ मध्ये सुमारे हजार एकरावर पेरलं. तपासणीत ते ९५ ते ९८ टक्के तणनाशक-सहनशील, म्हणजे मोन्सँटोचं जीएम, निघालं. पहिल्या वर्षी ते त्यांच्या शेतात कसं आलं हा मुद्दा वेगळाच राहिला. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी पेटंटचा भंग झाला असं म्हटलं, पण श्माइझर यांनी कंपनीला पैसे द्यावेत असं काही म्हटलं नाही, कारण त्या गुणामुळे त्यांना जास्तीचा नफा झालेला नव्हता. म्हणजे ही केस जाणूनबुजून राखलेल्या बियाण्याची आहे, आपल्या प्रश्नाची नाही.

आपल्या प्रश्नाची केस ऑस्ट्रेलियातली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कोजोनप गावचे स्टीव्ह मार्श, सेंद्रियवाले, आणि शेजारी मायकल बॅक्स्टर. २०१० मध्ये बॅक्स्टर यांनी जीएम कॅनोला कापून शेतातच वाळत टाकला होता, तो वाऱ्याने उडून मार्श यांच्या रानात आला. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने मार्श यांच्या सुमारे ७० टक्के जमिनीचं सेंद्रिय प्रमाणपत्र काढून घेतलं. मार्श कोर्टात गेले. २०१४ मध्ये हरले, २०१५ मध्ये अपिलात २ विरुद्ध १ ने हरले, आणि २०१६ मध्ये हायकोर्टाने, जे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे, अपील ऐकायलाच नकार दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की बॅक्स्टर यांनी कायदेशीर पीक कायदेशीर आणि रूढ पद्धतीने घेतलं, मार्श कॅनोला पिकवतच नव्हते त्यामुळे त्यांच्या पिकात काही संकर होण्याचा प्रश्न नव्हता, आणि प्रमाणपत्र काढलं ते संस्थेने, शेजाऱ्याने नव्हे.

कायद्याच्या चौकटीत निकाल समजतो. पण बघा, माणसाने काही पेरलं नाही, काही विकत आणलं नाही, तरी जमीन बाद झाली आणि कोर्टाचा खर्च डोक्यावर आला.

काळीमाती:
वकीलसाहेब, मग दोष प्रमाणपत्रवाल्यांचा म्हणायचा का?

वकिली_झगा:
त्या केसमध्ये बराचसा हो. रानात पडलेलं कॅनोलाचं झाड उपटून टाकता येतं, मार्श यांच्या गव्हात किंवा मेंढ्यांत त्याचं जनुक शिरत नाही. सेंद्रियचे नियम बहुतेक देशांत पद्धतीवर आधारलेले आहेत, म्हणजे शेतकऱ्याने जीएम वापरलं नाही आणि टाळायची व्यवस्थित काळजी घेतली हे बघतात. अमेरिकेत नुसता अंश सापडला म्हणून प्रमाणपत्र आपोआप जात नाही. युरोपात नकळत आणि टाळता न येण्यासारखा अंश ०.९ टक्क्यापर्यंत असला तर जीएमचं लेबल लागत नाही. पण प्रमाणपत्र राहिलं म्हणून माल विकला जातोच असं नाही. घेणाऱ्याने स्वतःची मर्यादा करारात त्याहून कडक लिहिलेली असते आणि माल तिथे परत येतो. नियमाने पास, व्यवहारात नापास. या फटीत जो पडतो त्याला दाद मागायला जागाच नाही.

सरकी:
कापसाचं लिहिते. सगळे वाऱ्याबद्दल बोलताय, पण आमच्याकडे खरी गडबड बियाण्याच्या पिशवीतच असते.

कापूस बराचसा स्वतःचं स्वतःच फळवतो, परागकण चिकट आणि जड, वाऱ्याने फारसे जात नाहीत. मधमाश्या-भुंगे भरपूर असतील तर मात्र संकर बऱ्यापैकी होतो. पण आम्हाला तिथपर्यंत जायची वेळच आली नाही. नॉन-बीटी (बीटी म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूचं जनुक घातलेलं जीएम) म्हणून घेतलेलं बियाणं, पावती आहे, पिशवीवर छापलंय, आणि उगवल्यावर कोवळं पान चुरगळून पट्टी टेस्ट केली तर दोन रेघा. दुसऱ्या झाडाची केली, परत दोन रेघा, म्हणजे बीटीच. विक्रेता म्हणाला वरूनच तसं आलं. वरचे म्हणाले साठवणुकीत मिसळलं असेल. सगळ्यांनी हात वर केले आणि त्या हंगामाचा कापूस साधा म्हणून गेला. शेजाऱ्याचा यात काडीचा संबंध नव्हता, त्या बिचाऱ्याशी मात्र लोक उगीच भांडत बसतात.

बीटी कापूस भारतात २००२ मध्ये मंजूर झाला, त्याच्या आधीच २००१ मध्ये गुजरातमध्ये बिनपरवाना बीटी उभा सापडला होता. आणि आता बाजार जवळजवळ सगळा बीटीचा, तेव्हा बीटी नसलेलं चांगलं बी शोधणं हेच सेंद्रियवाल्याचं निम्मं काम झालंय.

एक उपाय जो आमच्या गटाने केला तो सांगते. देशी कापूस. देशी आणि अमेरिकन कापसाच्या गुणसूत्रांची संख्याच वेगळी, देशीत २६ आणि अमेरिकनमध्ये ५२, त्यामुळे शेतात आपोआप दोघांचा टिकणारा संकर होत नाही. बीटी सगळा अमेरिकन किंवा त्याच्या संकराचा. म्हणजे देशी लावला तर शेजारच्या बीटीच्या परागकणांची काळजीच मिटली. धागा आखूड असतो, भाव वेगळा मिळतो, हे आहेच. आणि वेचणीनंतर सरकी जिनिंगमध्ये मिसळू नये म्हणून गाठी स्वतः उभं राहून बांधून घ्याव्या लागतात.

रानपाखरू:
सरकी ताई, हे देशीचं माहीत नव्हतं. खूप उपयोगी.

पाणकळा:
मधमाशीला सातबारा वाचता येत नाही हो, नाहीतर बांधावरूनच परत फिरली असती :)

मोहोळ:
पाणकळा, आमच्या माश्यांवर आलात म्हणून लिहितो. चाऱ्यासाठी माशी सहज दोन-तीन किलोमीटर जाते. पेट्या कुठेही ठेवा, त्या वर्तुळातलं सगळं मधात येणार. जर्मनीत कार्ल-हाइन्झ बाब्लोक नावाच्या मधपाळाने यावर केस केली. शेजारी सरकारी संशोधनाच्या प्लॉटवर बीटी मका होता, त्याचे परागकण मधात सापडले. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं की असा मध परवानगीशिवाय विकता येणार नाही. मग २०१४ मध्ये युरोपने नियमच बदलला, परागकण हा मधाचा नैसर्गिक भाग आहे, बाहेरून घातलेला घटक नाही असं ठरवलं, आणि लेबलचा प्रश्न बराचसा निकालात निघाला. म्हणजे मधपाळ कोर्टात जिंकला आणि नंतर कायद्याने ते जिंकणं पुसून टाकलं. अंतर सोडा, कडेच्या ओळी काढा, हे उपाय आमच्या धंद्याला लागूच पडत नाहीत. माश्यांना कुंपण घालून दाखवा कुणीतरी.

लॅबवाला:
टेस्टबद्दल गैरसमज फार दिसतात म्हणून लिहितो, मी बियाणं तपासणीच्या कामात आहे.

सरकी ताईंनी सांगितलेली पट्टी प्रथिन ओळखते. पान किंवा बी कुटायचं, पाण्यात किंवा सोबत दिलेल्या द्रावणात ढवळायचं, पट्टी उभी करायची, काही मिनिटांत रेघ येते. स्वस्त आणि शेतात होणारी. पण ज्या प्रथिनाची पट्टी तेच ती ओळखणार. बीटीच्या पट्टीला तणनाशक-सहनशील वाण दिसणार नाही. पीसीआर ही दुसरी टेस्ट डीएनए शोधते, बारीक अंशही पकडते, लॅब लागते, पैसे लागतात.

आता खरी गोष्ट नमुन्याची आहे. लोक मूठभर दाणे आणतात आणि "शून्य आलं" म्हणून खूश होऊन जातात. ३०० दाण्यांत एकही जीएम सापडला नाही तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की लॉटमधला अंश १ टक्क्याच्या आत आहे. ०.१ टक्क्याच्या आत आहे असं म्हणायचं असेल तर ३००० दाणे तपासून शून्य यायला पाहिजे. मक्याचे ३००० दाणे म्हणजे जवळपास किलोभर माल. आणि तो एकाच गोणीच्या तोंडातला नको, सगळ्या गोण्यांतून, वरून मधून खालून बंबी (नमुना काढायची पोकळ सळई) मारून काढलेला पाहिजे. "शून्य टक्के जीएम" असं कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. तसं लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कापसाबद्दल अजून एक. बी, पान, कच्चा कापूस यात डीएनए सापडतो. २०१९ मध्ये कापसातल्या जीएम तपासणीसाठी आयडब्ल्यूए ३२ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली ती याच टप्प्यांसाठी. एकदा सुताची धुलाई-रंगाई झाली की डीएनए तुटून जातो, तयार कपड्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून जिनिंगच्या आधीच तपासा.

उभाआडवा:
लॅबवाल्यांनी माझाच मुद्दा बळकट केला. शून्य सिद्धच होत नाही तर शून्याची अट घालणारा बाजार चुकतोय. ठराविक मर्यादा मान्य करा, निम्मे वाद मिटतील.

आणि फायद्याची बाजूही बघा. बीटी मका मोठ्या क्षेत्रावर आला की खोडकिड्याची संख्याच पडते आणि शेजारच्या साध्या मक्यालाही फायदा होतो. अमेरिकेतल्या पाच राज्यांचा १४ वर्षांचा हिशोब २०१० मध्ये सायन्स मासिकात आला होता, एकूण फायदा सुमारे ६.९ अब्ज डॉलर, आणि त्यातले ४ अब्जाहून जास्त बीटी न पेरणाऱ्यांच्या पदरात पडले. अमेरिकेने गुलाबी बोंडअळी संपवल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं, बीटी कापूस आणि वांझ पतंग सोडणे या दोन्हीच्या जोरावर. त्या फायद्याचं बिल कुणी शेजाऱ्याने सेंद्रियवाल्याला पाठवलं का? नाही ना. मग नुकसानीचंच बिल का?

रानपाखरू:
उभाआडवा, तुमचा आकडा बरोबर असेल, मी वाद घालत नाही. पण किडीच्या बाबतीतच दुसरी बाजू आहे. बॅसिलस थुरिंजेन्सिस हा जिवाणू सेंद्रियवाले कित्येक दशकं फवारतायत, सेंद्रियमध्ये परवानगी असलेल्या मोजक्या जालीम उपायांपैकी तो एक. त्याचंच प्रथिन झाडात घातलं, हंगामभर, लाखो हेक्टरवर. भारतात गुलाबी बोंडअळी २०१० च्या सुमारास पहिल्या बीटी प्रथिनाला दाद देईनाशी झाली, पुढे दुसऱ्यालाही. आश्रय पट्टा म्हणून, म्हणजे न सरावलेल्या अळ्याही टिकून राहाव्यात यासाठी, वीस टक्के नॉन-बीटी किंवा कडेच्या पाच ओळी लावायच्या होत्या, कितींनी लावल्या? अळी एकदा त्या प्रथिनाला सरावली की फवारणीचंही पाणीच होणार. परागकण नाही, बी नाही, काहीही सरकलं नाही, तरी सेंद्रियवाल्याच्या हातातलं हत्यार बोथट झालं. हे प्रदूषण कुठल्या पीसीआरमध्ये दिसणार?

आणि मेक्सिकोचं बोलायलाच पाहिजे. मका जिथे जन्मला तिथे, ओहाकाच्या डोंगरातल्या गावठी वाणांत जीएमचे अंश सापडल्याचं २००१ मध्ये नेचरमध्ये आलं, त्यावर प्रचंड वाद झाला, २००२ मध्ये मासिकाने स्वतःच म्हटलं की पुरावा पुरेसा नव्हता. नंतरच्या अभ्यासांत काहींना सापडलं नाही, काहींना सापडलं. पण एक गोष्ट बघा, तिथे १९९८ पासून जीएम मका पेरायला बंदी होती. खाण्यासाठी आयात केलेला दाणा कुणीतरी मूठभर पेरून बघितला की झालं. २०२५ मध्ये त्यांनी जीएम मक्याची पेरणी थेट राज्यघटनेतच बंद केली. प्रमाणपत्र गेलं तर काही वर्षांत परत मिळेल, गावठी वाणातून शिरलेलं जनुक काढायचं कसं?

उभाआडवा:
आश्रय पट्ट्याचं मान्य, तिथे सगळ्यांनीच माती खाल्ली. बियाणं विकणाऱ्यांनीही आणि देखरेख करणाऱ्यांनीही. गावठी वाणांचं मात्र म्हणाल तर साध्या संकरित मक्याचं जनुकही तसंच शिरतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

काळीमाती:
मी थोडं शोधून वाचलं आणि एक गोष्ट लक्षात आली ती मांडतो, चुकत असेन तर वकीलसाहेबांनी सांगावं.

२००० मध्ये अमेरिकेत स्टारलिंक नावाचा जीएम मका, फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर होता, माणसांच्या खाण्यात सापडला, दुकानातला माल परत बोलवावा लागला. २००६ मध्ये अमेरिकन तांदळात बायर कंपनीचा एलएल ६०१ नावाचा जीएम भात सापडला, मंजुरी नसलेला, चाचणीचे प्लॉट संपून काही वर्षं झालेली. निर्यात ठप्प. बायरने २०११ मध्ये सुमारे ११ हजार शेतकऱ्यांशी ७५ कोटी डॉलरवर तडजोड केली. २००९ मध्ये कॅनडाच्या जवसात ट्रिफिड नावाचा जीएम वाण सापडला, त्याची नोंदणी तर २००१ मध्येच रद्द झालेली, बी नष्ट केलेलं म्हणत होते, आणि युरोपचं गिऱ्हाईक गेलं.

भात आणि जवस दोन्ही मुख्यतः स्वतःचं स्वतः फळणारी पिकं. म्हणजे सरकी ताई म्हणाल्या तेच, वारा कमी आणि माणूस जास्त. बी, गोणी, यंत्र, गोदाम.

आणि दुसरं, मंजुरी नसलेलं सापडलं की कंपनीकडून पैसे निघू शकतात. मंजुरी असलेलं सापडलं की कुणाकडूनच निघत नाहीत. शेतकऱ्याचा घाटा दोन्हीकडे तोच. मंजुरीचा कागद म्हणजे नुकसान दुसऱ्यावर ढकलायचा परवाना झाला.

वकिली_झगा:
काळीमाती, बरोबर पकडलंत. सस्कॅचवानच्या सेंद्रिय शेतकऱ्यांनी मंजूर जीएम कॅनोलाबद्दल सामूहिक दावा लावायचा प्रयत्न केला होता, २००५ मध्ये कोर्टाने तो सामूहिक म्हणून चालवायलाच नकार दिला. तिथे सेंद्रिय कॅनोला पिकवणंच जवळजवळ बंद झालं. अमेरिकेत सेंद्रियवाल्या बियाणे संघटनांनी २०११ मध्ये मोन्सँटोवर उलटा दावा केला, की अंश सापडला म्हणून पेटंटखाली आमच्यावर केस करू नका. २०१३ मध्ये अपील कोर्टात कंपनीने दिलेल्या हमीवर भागलं, की साधारण १ टक्क्यापर्यंतच्या नकळत अंशासाठी केस करणार नाही. केस करणार नाही म्हणाले, भरपाई देऊ असं नाही म्हणाले.

जर्मनीने मात्र बांधकरींच्या मनासारखा कायदा केलाय. जीएम मका साध्या मक्यापासून १५० मीटर, सेंद्रियपासून ३०० मीटर, आणि हे अंतर जीएमवाल्याने सोडायचं. नुकसान झालं तर चूक असो नसो, भरपाई जीएमवाल्याने द्यायची, आणि नेमका कुणाचा ते कळलं नाही तर आजूबाजूचे सगळे मिळून जबाबदार. २०१० मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. डेन्मार्कने वेगळं केलं, जीएम पेरणाऱ्याकडून हेक्टरी वर्गणी घेऊन भरपाईचा फंड काढला.

उभाआडवा:
आणि जर्मनीत परिणाम काय झाला? शेतकरी जीएमच्या वाटेलाच फारसे गेले नाहीत, २००९ मध्ये मंजूर असलेल्या एकमेव बीटी मक्यावर बंदीही आली. इतका कडक दायित्वाचा कायदा म्हणजे मागच्या दाराने बंदीच. डेन्मार्कचा फंड मला जास्त प्रामाणिक वाटतो.

बांधकरी:
उभाआडवा, फंडावर आपलं जमू शकतं मग! फक्त वर्गणी पेरणाऱ्या शेतकऱ्याकडून न घेता बियाण्याच्या पिशवीमागे कंपनीकडून घ्यावी. पेरणारा शेजारी माझ्यासारखाच पावसाकडे बघत बसलेला असतो, त्याच्याकडून काय काढायचं. सरकी ताईंचा अनुभव वाचल्यावर तर हे जास्तच वाटतंय, कारण पिशवीतच भेसळ असेल तर शेजारी कुठून जबाबदार.

उभाआडवा:
पिशवीमागे वर्गणी, आणि त्याबरोबर सेंद्रियच्या बाजूने ठरलेली मर्यादा, शून्य नाही. दोन्ही एकत्र असेल तर माझा पाठिंबा.

मोहोळ:
मधपाळांना त्यात धरा म्हणजे झालं.

पाणकळा:
माझी पपई आहे, कडेला कुणी जीएम पपई लावली तर फळ बाद होणार का? हवाईत १९९८ पासून आहे म्हणे.

लॅबवाला:
पाणकळा, पपईचा गर आईच्या झाडाचा असतो, बाहेरचे परागकण आले तरी गरात जीएम येत नाही, फक्त बियांत येतं. त्यामुळे बी धरणार नसाल तर फळाला काही होत नाही. बी धरायचं असेल तर उभयलिंगी झाडाच्या कळीला पिशवी बांधून त्याच फुलाचं बी घ्या. गोंधळ रोपवाटिकेत होतो, रोपं कुठून आली ते विचारा.

तुराकणीस:
सगळे कंपनी, कायदा बोलले, पण हार्वेस्टर राहिलाच. भाड्याचं यंत्र दिवसभर दहा रानं फिरतं. टाकी रिकामी दिसली तरी सुप्यात, एलेव्हेटरमध्ये, चाळणीखाली दाणे अडकून बसतात. आम्ही यंत्र रानाबाहेर उभं करून हवेने झाडून घेतो, आणि तरीही पहिली भरलेली टाकी सेंद्रियमध्ये घेत नाही. पेरणीयंत्राच्या पेटीचंही तेच. भाडेवाला कुरकुरतो, त्याला त्या वेळेचे पैसे आधीच ठरवून द्या म्हणजे नीट करतो.

बांधकरी:
तुराकणीस दादा, हे लिहून ठेवलं. लॅबवाले, एक शेवटचं. सरकी ताईंसारखं झालं, म्हणजे सगळ्यांनी हात वर केले, तर शेतकऱ्याने स्वतःच्या बाजूने पुरावा काय ठेवायचा?

लॅबवाला:
पेरणीच्या आधी प्रत्येक लॉटच्या सगळ्या पिशव्यांतून थोडं थोडं बी काढून एकत्र करा, त्याचे तीन भाग करा. एक टेस्टला पाठवा, एक तुमच्याकडे, आणि एक शक्य असेल तर विक्रेत्याची सही घेऊन सीलबंद. कागदी पाकिटात, कोरड्या जागी, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी येते. पाकिटावर लॉट नंबर, पावती नंबर, तारीख. रिकामी पिशवी आणि तिचं लेबल फेकू नका. यंत्र झाडल्याचा फोटो, कडेच्या ओळींच्या मालाची वेगळी नोंद, शेजाऱ्याची पेरणीची तारीख, हे सगळं एका वहीत. माल विकून पैसे हातात येईपर्यंत पाकिटं ठेवा. माल परत आला तर पहिला प्रश्न हाच येतो की अंश बियाण्यात होता, शेतात आला की गोदामात मिसळला. तुमच्याकडचं पाकीट स्वच्छ निघालं तर बियाणं सुटलं, मग शेत आणि यंत्राच्या नोंदी बघायच्या. पाकीटच नापास निघालं तर सही केलेल्या विक्रेत्याला हात वर करता येत नाहीत.

सरकी:
हे आम्ही त्या वर्षी केलं असतं तर फार बरं झालं असतं. विक्रेता सही करायला तयार नसेल तर ते बियाणंच घेऊ नका, असं आमच्या गटात आता ठरलंय.